समानार्थी शब्दांतील निवड : वऱ्हाडच्या मराठीतून इंग्रजी अर्थच्छटांकडे

१. प्रास्ताविक

‘समानार्थी शब्द’ ही संज्ञा आपल्या शालेय व्याकरणात इतकी रुळलेली आहे की तिच्या यथार्थतेविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. एका शब्दापुढे बरोबरीचे चिन्ह काढून दुसरा शब्द लिहावा आणि दोहोंचा अर्थ एकच मानावा, ही सवय प्राथमिक शाळेत लागते आणि पदव्युत्तर वर्गापर्यंत टिकते. मराठीपुरते पाहिले तर तिने फारसे बिघडत नाही. मातृभाषेत बोलताना वा लिहिताना विद्यार्थी त्या चिन्हावर विसंबत नाही, तो आपल्या कानावर विसंबतो. इंग्रजीकडे वळताच मात्र कानाची साथ सुटते आणि बरोबरीचे चिन्ह हाच एकमेव आधार उरतो.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी शब्द प्रायः मराठी प्रतिशब्दाच्या द्वारे शिकतो. ‘शेड’ म्हणजे सावली आणि ‘शॅडो’ म्हणजेही सावली. ‘वरी’ म्हणजे काळजी आणि ‘केअर’ म्हणजेही काळजी. यावरून तो साहजिकच असे अनुमान काढतो की हे इंग्रजी शब्द परस्परांच्या जागी चालतील. ते चालत नाहीत असे त्याला सांगितले जाते, पण का चालत नाहीत हे सहसा सांगितले जात नाही. हा प्रश्न केवळ इंग्रजी विभागाचा आहे असे मानणे योग्य ठरणार नाही. अनुवाद आणि तौलनिक साहित्य या दोन्ही विषयांचा पाया पर्यायी शब्दांच्या निवडीवर उभा आहे, आणि ती निवड ज्या भाषेच्या आधारे करावयाची ती भाषा मराठीच आहे.

इंग्रजी पर्यायांतील सूक्ष्म भेद एका मराठी प्रतिशब्दाने समजत नाहीत; ते मराठी पर्यायांच्या संपूर्ण समूहासमोर ठेवले तरच उलगडतात, आणि या समूहात वऱ्हाडी बोलीतील शब्दांना महत्त्वाचे स्थान आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. ती स्पष्ट करण्यासाठी प्रथम पर्यायविचाराची परंपरा व कोशांची मर्यादा यांचा परामर्श घेऊन नंतर काही शब्दसमूहांचे विवेचन केले आहे.

२. पर्यायविचाराची परंपरा

पर्यायी शब्द एकमेकांच्या जागी सर्वत्र चालत नाहीत ही जाणीव भारतीय साहित्यशास्त्राला नवी नाही. मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त शब्दालंकार आणि अर्थालंकार यांतील भेद सांगताना शब्दपरिवृत्तीची कसोटी वापरली. शब्द बदलून त्याचा पर्याय ठेवला असता अलंकार टिकला तर तो अर्थाश्रित, नाहीसा झाला तर तो शब्दाश्रित. शब्द उचलून दुसरा ठेवून पाहणे, ही आजच्या भाषाविज्ञानातही पर्यायांचा भेद जोखण्याची प्राथमिक रीत आहे.

कुंतकाने याहून पुढचे पाऊल टाकले. ‘वक्रोक्तिजीविता’त त्याने वक्रतेचे जे प्रकार सांगितले त्यांत ‘पर्यायवक्रता’ हा एक स्वतंत्र प्रकार आहे. अनेक पर्याय उपलब्ध असताना विवक्षित अर्थ ज्या एकाच शब्दाने व्यक्त होतो तोच काव्यातील खरा शब्द, असे त्याचे प्रतिपादन आहे. ‘कुमारसंभवा’तील शिवाच्या उल्लेखाचे त्याचे विवेचन अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. ‘पिनाकी’ आणि ‘कपाली’ हे दोन्ही शब्द शिवाचेच वाचक आहेत. एकाने धनुर्धारी वीर डोळ्यांपुढे येतो, दुसऱ्याने कवटी धारण करणारा अमंगल वेषधारी. पार्वतीला तिच्या निश्चयापासून परावृत्त करू पाहणाऱ्या बटूच्या तोंडी दुसराच शब्द हवा. व्यक्ती एक आणि शब्द दोन. परंतु वक्त्याचा हेतू ध्यानात घेताच निवडीला वाव उरत नाही.

पाश्चात्त्य परंपरेतही याला समांतर विचार आढळतो. जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ साली इंग्रजी पर्यायी शब्दांतील भेद सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८५२ साली पीटर मार्क रॉजे यांचा ‘थिसॉरस’ आला. रॉजे यांच्या ग्रंथात शब्दांचे कल्पनांनुसार समूह केलेले आहेत, त्यांच्या व्याख्या नाहीत. समूहातील शब्दांचा भेद वाचकाला आधीच ठाऊक आहे, त्याला केवळ आठवण हवी आहे, असे तेथे गृहीत धरलेले आहे. परभाषिक विद्यार्थ्याला असा ग्रंथ भेदाच्या ज्ञानाविना वापरावा लागतो, आणि मग त्याच्या लेखनात भारदस्त पण अस्थानी शब्दांची गर्दी होते.

या प्रश्नाला सैद्धांतिक बैठक मिळाली ती फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांमुळे. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हा त्यांचा सिद्धांत. फ्रेंच भाषेत मेंढी आणि तिचे मांस यांना एकच शब्द आहे, इंग्रजीत ‘शीप’ आणि ‘मटन’ असे दोन. म्हणून फ्रेंच शब्दाचे आणि ‘शीप’चे मूल्य सारखे नाही. आपल्याकडे याला आणखी एक पदर जोडला गेला. ‘मटण’ हा शब्द मराठीने इंग्रजीतून घेतला, पण बाजारात तो प्रायः बकऱ्याच्या मांसासाठी रूढ झाला. उसना शब्द नव्या घरी आला की त्याला नवे शेजार मिळते आणि त्याचा अर्थ त्या शेजाराप्रमाणे बेतला जातो.

३. कोशांचे कार्य आणि मर्यादा

मोल्सवर्थ यांनी जॉर्ज व थॉमस कँडी यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला; त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पूर्ण करून १८४७ साली प्रसिद्ध केला. हे दोन्ही कोश आजही संदर्भासाठी चाळले जातात, यातच त्यांची योग्यता दिसून येते. इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्दांची ओळ देण्याच्या कँडी यांच्या पद्धतीमुळे एका इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत किती ठिकाणी विभागला जातो हे दिसते. मात्र त्या ओळीतील कोणता शब्द केव्हा घ्यावा, हा निर्णय शेवटी वाचकावरच राहतो.

पुढील काळात बाजारात आलेल्या विद्यार्थी-कोशांनी ही ओळ आखूड केली. जागेच्या आणि किमतीच्या दृष्टीने ते अपरिहार्य असेल, पण तिच्यातून नेमकी भेददर्शक सामग्री गळून गेली.

येथे वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे. १८३१ साली वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. ते इंग्रजांच्या ताब्यात आले १८५३ साली. मोल्सवर्थ यांचा कोश मुंबई इलाख्याच्या सरकारच्या आश्रयाने तयार झाला आणि त्या इलाख्यातील मराठी हीच त्याची मुख्य भूमी होती. इंग्रजी आणि मराठी यांच्या कोशगत सांधेजोडीला आरंभ झाला तेव्हा वऱ्हाडची बोली त्या वर्तुळाच्या बाहेर होती. १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने प्रांतिक शब्दांना पुष्कळच जागा दिली, परंतु तो मराठीतून मराठीत अर्थ देणारा कोश आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ वऱ्हाडी शब्दाने सांगण्याची प्रथा अशा रीतीने कधी पडलीच नाही.

४. विभागणीच्या निराळ्या जागा

दोन भाषा अनुभवाचे क्षेत्र निरनिराळ्या ठिकाणी विभागतात. इंग्रजीतील ‘ब्रेक’ या सामान्य क्रियापदाचे उदाहरण घेऊ. मराठीत काठी मोडते, दोरी तुटते, मडके फुटते आणि कापड फाटते. या चार क्रियापदांत निवड करताना मराठी भाषक क्षणभरही अडखळत नाही. लांब व ताठ वस्तूचा भंग झाला की मोडणे, ताणलेल्या वस्तूची सलगता गेली की तुटणे, पोकळ वा भरलेल्या वस्तूचे कवच गेले की फुटणे, पसरट व मऊ वस्तूचे धागे विलग झाले की फाटणे, असा नियम त्याच्या मनात आहे. लाक्षणिक प्रयोगांतही तो बहुतांशी टिकतो. ठरलेले लग्न मोडते, संबंध तुटतात, परीक्षेचा पेपर फुटतो.

इंग्रजीत ‘ब्रेक’ या व्यापक शब्दाखाली ‘स्नॅप’, ‘बर्स्ट’, ‘शॅटर’, ‘क्रॅक’, ‘टेअर’ अशी पर्यायांची रांग आहे. या सर्वांचा अर्थ ‘मोडणे, तुटणे’ असा दिला तर विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. उलट, ताण असह्य होऊन दोरी एकाएकी तुटते ती ‘स्नॅप’, आतील दाबाने फुगा फुटतो तो ‘बर्स्ट’, काच फुटून तिचा चक्काचूर होतो तो ‘शॅटर’, नुसताच तडा जातो तो ‘क्रॅक’, असे सांगितले की भेद तत्काळ स्पष्ट होतो. आणखी एक बाब पाहण्यासारखी आहे. वऱ्हाडात कपाशीचे बोंड फुटते, म्हणजे उमलते. येथे फुटण्यात हानी नाही, वर्षभराच्या श्रमाचे फळ आहे. या ठिकाणी इंग्रजीत ‘ब्रेक’ चालणार नाही, ‘ओपन’ हवे. एकाच मराठी क्रियापदाला वस्तूनुसार भिन्न इंग्रजी शब्द लागतात, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

पीक काढण्याच्या क्रियेतही असेच घडते. इंग्रजीतील ‘हार्वेस्ट’ हा शब्द कोणत्याही पिकाला चालतो. विद्यार्थी कोशात पाहतो तेव्हा त्याला ‘कापणी’ हा प्रतिशब्द मिळतो. आणि त्याने तो कपाशीला लावला तर ‘कापसाची कापणी’ असा, कोणत्याही शेतकऱ्याला हसू येईल असा प्रयोग तयार होतो. वऱ्हाडात कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात, भुईमूग उपटतात आणि वरूड-मोर्शीकडे संत्री तोडतात. हाताची हालचाल बदलली की क्रियापद बदलते. इंग्रजीतील ‘पिक’, ‘रीप’, ‘पुल’, ‘प्लक’ यांतील भेद याच हालचालीचा भेद आहे. ‘सोंगणे’ हे क्रियापद ज्याच्या घरात रोज वापरात आहे त्याला ‘रीप’चा नेमका अर्थ समजावण्यास एक वाक्य पुरेसे होईल. परंतु ‘सोंगणे’ हा ग्रामीण शब्द म्हणून वहीतून खोडून तेथे ‘कापणी’ लिहावयास लावले, तर त्याच्याकडील भेददर्शक साधन आपणच काढून घेतो.

दोन भाषांतील भेद नेहमी त्याच व्याकरणिक कोटीत दिसेल असेही नाही. ‘काळजी’ या नामाबाबत मराठीने भेदाचे कार्य क्रियापदावर सोपविले आहे. काळजी वाटते, काळजी लागते, काळजी करतात आणि काळजी घेतात. नाम एकच, पण मनोव्यापार चार. इंग्रजीत ‘कन्सर्न’, ‘अँग्झायटी’, ‘वरी’ आणि ‘केअर’ ही चार नामे साधारणतः याच चार प्रयोगांना जवळची आहेत. म्हणून ‘काळजी’ या एकट्या शब्दाचे इंग्रजी रूप विचारणे हाच मुळात सदोष प्रश्न होय. आईला मुलाची काळजी लागते आणि ती त्याची काळजी घेते, या वाक्यात विद्यार्थ्याला अपेक्षित असलेला सारा भेद आधीच उपस्थित आहे. तो फक्त दाखवून द्यावा लागतो.

५. वस्तुज्ञानाची कसोटी

पर्यायांची निवड चुकल्याने केवळ शैली बिघडते, हा समज बराच दृढ आहे. पुष्कळदा विधानच खोटे ठरते. अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठेशी निगडित एक उदाहरण याबाबत विचारात घेण्यासारखे आहे. इंग्रजीतील ‘कॉटन’ या शब्दात झाडापासून कापडापर्यंत सारे काही सामावते. वऱ्हाडात मात्र झाड ते पऱ्हाटी, त्यावरचे फळ ते बोंड, वेचून आणलेला सरकीसह माल तो कापूस, आणि सरकी काढून उरते ती रुई. शंभर किलो कापसापासून सामान्यतः ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरलेल्या वजनाचा मोठा भाग सरकीचा असतो.

इंग्रजी वृत्तपत्राच्या व्यापारपृष्ठावर ‘कॉटन’चा जो भाव छापला जातो तो पुष्कळदा रुईचा असतो आणि खंडीच्या, म्हणजे सुमारे ३५६ किलोच्या, हिशेबाने दिलेला असतो. शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकीसह कापसाचा आणि क्विंटलचा. अनुवादकाने ‘कॉटन’ म्हणजे कापूस एवढ्यावर समाधान मानले, तर बातमी वाचणाऱ्या शेतकऱ्यापुढे त्याच्या मालाच्या प्रत्यक्ष किमतीहून कितीतरी मोठा आकडा उभा राहतो. इंग्रजीतही ‘लिंट’ आणि ‘सीड कॉटन’ असे भेदक शब्द आहेत, पण सर्वसाधारण लेखनात ते वगळले जातात. अशा वेळी मूळ मजकुरात नसलेला भेद अनुवादात आणणे हे अनुवादकाचे कर्तव्यच ठरते.

हवामानाचे शब्दही असेच वस्तुज्ञानाची मागणी करतात. ‘सल्ट्री’ आणि ‘स्कॉर्चिंग’ हे दोन्ही शब्द तीव्र उन्हाळ्याचे म्हणून शिकविले जातात. पहिल्यात हवेचा दमटपणा आणि कोंडमारा आहे. दुसऱ्यात कोरडी, पोळणारी उष्णता आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा तेथे ऊन तापते, अंगाची काहिली होते, झळा लागतात. मुंबईत पारा याहून पुष्कळ खाली असताना उकाडा होतो. अकोल्याच्या मे महिन्याला ‘सल्ट्री’ म्हणणारा लेखक तेथील हवेविषयी चुकीची माहिती देत असतो. ‘उकाडा’ आणि ‘झळ’ यांतील अंतर ज्याला अनुभवाने ठाऊक आहे त्याला हा इंग्रजी भेद पाठ करावा लागत नाही.

६. भावछटांचा विपर्यास

काही शब्दांची वस्तू एकच असते, पण तिच्याकडे पाहण्याची वृत्ती दोन समाजांत भिन्न असते. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेला ‘सावली’ हा शब्द त्यांपैकी आहे. इंग्रजीने येथे दोन शब्द केले. उन्हापासून आसरा देणारी ती ‘शेड’, आणि वस्तूची पडलेली काळी आकृती ती ‘शॅडो’. मराठीत दोन्हींना सावली चालते. परंतु मराठी सावलीचा भावार्थ आसऱ्याकडे झुकलेला आहे. ज्या प्रदेशात लिंबाच्या झाडाखालची दुपार हीच विसावा असते तेथे सावलीला अशुभाची छटा सहजी चिकटत नाही. वडीलधाऱ्यांच्या सावलीत वाढणे हे भाग्य समजले जाते.

इंग्रजी कथेत एखाद्या कुटुंबावर ‘शॅडो’ पडते तेव्हा संकटाची चाहूल अभिप्रेत असते. तिचा अनुवाद ‘घरावर सावली पडली’ असा केला तर भय जाऊन तेथे विसावा येतो. मराठीने या जागेसाठी ‘सावट’ हा शब्द राखून ठेवला आहे. ‘छाया’ काहीशी तटस्थ आहे आणि संदर्भानुसार कोणत्याही बाजूला झुकू शकते. ‘पडछाया’ मूळ वस्तूच्या दुय्यम, फिकट प्रतिरूपाकडे लक्ष वेधते. इंग्रजीतील दोन शब्दांपुढे मराठीत चार शब्द उभे करता येतात, आणि ते चारही एकत्र मांडल्यावरच ‘शेड’ व ‘शॅडो’ यांच्या सीमा दिसू लागतात.

याच न्यायाने ‘वॉर्म’ या विशेषणाचा विचार करता येईल. थंड हवेच्या देशात ऊब ही आपुलकीची खूण झाली, म्हणून तेथे स्वागतही ‘वॉर्म’ असते. अलीकडच्या मराठी लेखनात दिसणारे ‘उबदार स्वागत’ हे त्या हवामानासकट आलेले भाषांतर आहे. आपल्या भाषेत स्वागत आगतस्वागताने, मनापासून होते. आणि जिवाला बरे वाटते ते गारव्याने.

७. शब्दांचे थर

इंग्रजी पर्यायांचा आणखी एक विशेष म्हणजे त्यांचे ऐतिहासिक थर. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत मूळच्या जर्मानिक शब्दांच्या जोडीला फ्रेंच आणि पुढे विद्वानांच्या लेखणीतून लॅटिन शब्द आले. ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरोगेट’ ही त्रयी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पहिला शब्द घरगुती, दुसरा औपचारिक आणि काहीसा संशय बाळगणारा, तिसरा सत्तेचा.

मराठीतही थर आहेत. म्हणून लॅटिनच्या जागी संस्कृत ठेवावे आणि मोकळे व्हावे, असा मोह होतो. तो टाळला पाहिजे. मराठीत पुसणे, विचारणे, पृच्छा करणे, चौकशी करणे, सवाल करणे, जाब विचारणे, जबानी घेणे असे अनेक पर्याय आहेत. त्यांतील तत्सम ‘पृच्छा’ हा भारदस्त पण निरुपद्रवी शब्द आहे. तिच्यात दरारा नाही. दरारा आहे तो ‘जाब’ आणि ‘जबानी’ या अरबी-फारसी वंशाच्या शब्दांत. याचे कारण इतिहासात सापडते. वऱ्हाडवर इमादशाही, मोगल आणि निजाम यांच्या राजवटी क्रमाने होऊन गेल्या. महसूल, कचेरी आणि न्याय यांची परिभाषा फारसीने घडविली. त्यामुळे सत्तेचा थर लॅटिनप्रमाणे वरच्या पंडिती भाषेत न राहता कचेरीच्या भाषेत राहिला. ‘इंटरोगेट’ला ‘पृच्छा करणे’ हा प्रतिशब्द देणारा अनुवादक थराची उंची सांभाळतो, पण त्यातील धाक घालवून बसतो. तेथे ‘कसून चौकशी’ किंवा ‘जबानी’ हवी.

संस्कृतच्या थराला प्रशासकीय सत्ता मिळाली ती अगदी अलीकडे. वऱ्हाड जुन्या मध्यप्रदेशात असताना डॉ. रघुवीर यांच्या परिभाषानिर्मितीचे केंद्र काही काळ नागपूर येथे होते. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने हे कार्य मराठीसाठी पद्धतशीरपणे केले. इंग्रजी कायदेविषयक पर्यायांना वेगळे ठेवण्यासाठी उपसर्गांचा जो उपयोग करण्यात आला तो अभ्यसनीय आहे. ‘रूल’ म्हणजे नियम, ‘रेग्युलेशन’ म्हणजे विनियम, ‘ऍक्ट’ म्हणजे अधिनियम; ‘नोटिफिकेशन’ म्हणजे अधिसूचना, ‘ऑर्डिनन्स’ म्हणजे अध्यादेश. बोलताना या सर्वांना आपण ‘कायदा’ किंवा ‘हुकूम’ म्हणतो आणि भागते. न्यायालयात भागत नाही. हे शब्द क्लिष्ट आहेत असा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि पर्यायांना काटेकोर सीमा आखून देण्याचा मराठीतील हा सर्वांत मोठा प्रयत्न होता, हे मान्य केले पाहिजे.

या थरांवर आता इंग्रजीचाच एक थर चढला आहे. अमरावतीच्या शिक्षित घरांत कोणी ‘वारले’ असे म्हणण्याऐवजी ‘एक्स्पायर झाले’ असे म्हटले जाते. इंग्रजीत हा शब्द कागदोपत्री आणि मुदत संपण्याच्या अर्थी अधिक वापरात आहे. शोकाच्या प्रसंगी तो कोरडा वाटतो. आपल्याकडे मात्र थेट ‘मेले’ म्हणण्याचे टाळणारा सौम्य पर्याय म्हणून तो रुजला. मरणे, वारणे, दगावणे, देवाघरी जाणे या मराठी शब्दांच्या शेजारात त्याने आपली जागा शोधली. विद्यार्थी हाच शब्द या नव्या छटेसह पुन्हा इंग्रजी लेखनात नेतो तेव्हा गफलत होते; तीमागे अज्ञान नसून दोन भाषांतील शेजारांची अदलाबदल आहे, हे अध्यापकाने ओळखले पाहिजे.

८. साहित्यकृतीतील कसोटी : ‘धग’

आतापर्यंतचे निकष एकत्र पारखण्यासाठी उद्धव शेळके यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘धग’ या कादंबरीचे केवळ शीर्षक घेतले तरी पुरे आहे. वऱ्हाडी बोलीचा संवादांतील समर्थ वापर आणि कौतिक या स्त्रीच्या दारिद्र्याशी चाललेल्या झुंजीचे चित्रण यांमुळे या कादंबरीला मराठीत वेगळे स्थान आहे. या शीर्षकाला इंग्रजीत कोणता शब्द द्यावा?

प्रथम मराठी शेजार पाहू. ऊब हवीशी असते. आच चुलीची असते आणि ती कमी-जास्त करता येते. झळ येते आणि जाते. चटका स्पर्शाने बसतो आणि क्षणाचा असतो. जाळ डोळ्यांना दिसतो. धग मात्र जाळ विझत आला तरी उरते, स्पर्श न करता अंगाला भिडते, सतत असते, आणि जो जवळ बसला आहे त्यालाच ती कळते, दुरून पाहणाऱ्याला कळत नाही.

आता इंग्रजी पर्याय. ‘हीट’ सर्वांना सामावून घेणारा, म्हणून छटाहीन. शिवाय त्याला पदार्थविज्ञानाचा वास आहे. ‘ब्लेझ’मध्ये भडका दिसतो, कौतिकच्या आयुष्यात भडका नाही, न संपणारी होरपळ आहे. ‘ग्लो’ निखाऱ्याच्या जवळ जातो, पण त्यातील प्रकाश आणि सौंदर्य येथे खोटे पडेल. ‘स्कॉर्च’ परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. ‘वॉर्म्थ’ने तर अर्थ उलटाच होतो. ‘एम्बर्स’ घेतला तर धग ज्यातून येते ती वस्तू मिळते, प्रत्यक्ष धग मिळत नाही. तथापि राखेखाली टिकून राहण्याची सूचना त्यात आहे.

यांपैकी एकच योग्य आणि बाकीचे चूक असा निवाडा येथे देता येणार नाही. प्रत्येक शब्द कादंबरीचे एक निराळे वाचन पुढे ठेवतो. ‘हीट’ निवडणारा परिस्थितीवर भर देतो, ‘स्कॉर्च’ निवडणारा कौतिकवर झालेल्या आघातावर, ‘एम्बर्स’ निवडणारा तिच्या चिवटपणावर. पर्यायाची निवड म्हणजे समीक्षाच असते, असे कुंतकाला अनुसरून म्हणावयास हरकत नाही. मात्र ही निवड करण्यासाठी अनुवादकाजवळ प्रथम धग आणि आच, झळ आणि चटका यांतील भेदाची जाण असली पाहिजे. केवळ ‘धग म्हणजे उष्णता’ एवढेच ज्याला सांगितले गेले आहे त्याला ‘हीट’पलीकडे काही दिसणार नाही.

९. अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

वरील विवेचनातून अध्यापनासाठी एक साधी पद्धत निष्पन्न होते. इंग्रजी पर्यायांची जोडी पुढे आली असता प्रथम त्या अर्थक्षेत्रातील मराठी शब्द विद्यार्थ्यांकडून गोळा करावेत, आणि त्यात प्रमाण व बोली असा भेद करू नये. नंतर प्रत्येक शब्द एका वाक्यात ठेवून त्याच्या जागी दुसरा घालून पाहावा. जेथे वाक्य अडते तेथे थांबून अडण्याचे कारण विचारावे. वस्तू बदलली, क्रियेची रीत बदलली, वक्त्याची वृत्ती बदलली, की प्रसंगाची औपचारिकता बदलली? कारण सापडल्यावर तोच प्रश्न इंग्रजी जोडीला विचारावा. इंग्रजी भेद मराठी भेदाशी तंतोतंत जुळेलच असे नाही, आणि बहुधा जुळणार नाही. पण भेद कोणत्या दिशेला शोधावयाचा हे विद्यार्थ्याला कळलेले असेल.

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो. इंग्रजी शिकताना मातृभाषा मध्ये आणू नये, इंग्रजीचा सहवास वाढला की छटा आपोआप कळतात, असे मानणारा एक पक्ष आहे. पुरेसा सहवास लाभत असेल तर हे मत ग्राह्य आहे. परंतु दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा अंजनगाव येथील महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला असा सहवास घरी आणि गावात सहसा मिळत नाही. त्याच्याजवळ विपुल आहे ती बोली. ती बाजूला सारून त्याला इंग्रजी शिकविणे म्हणजे त्याच्याजवळ जे आहे ते टाकून जे नाही त्याची वाट पाहण्यासारखे आहे.

१०. समारोप

समानार्थी म्हणून ओळखले जाणारे शब्द वस्तुतः समीपार्थी असतात. त्यांच्यातील भेद कधी वस्तूचा असतो, कधी क्रियेच्या रीतीचा, कधी भावाचा, तर कधी शब्द ज्या थरातून आला त्या थराचा. दोन भाषांत या भेदांच्या जागा जुळत नाहीत. म्हणून शब्दापुढे एक शब्द ठेवण्याची पद्धत अपुरी पडते. शब्दसमूहासमोर शब्दसमूह ठेवला पाहिजे.

वऱ्हाडपुरते बोलावयाचे तर यासाठी आवश्यक असलेली सामग्री आजही बोलीत शिल्लक आहे, परंतु ती इंग्रजी अर्थांच्या संदर्भात संकलित झालेली नाही. महानुभाव वाङ्मयाची भूमी असलेल्या रिद्धपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. अमरावती विद्यापीठ तर १९८३ पासून कार्यरत आहे. शेती, स्वयंपाक, हवामान, नाती आणि कचेरी अशा एकेका क्षेत्रातील वऱ्हाडी शब्दसमूह घेऊन त्यांतील सूक्ष्म भेदांसह इंग्रजी पर्यायांची मांडणी करणारा लहानसा कोश, हा पदव्युत्तर प्रबंधिकांना सहज पेलणारा विषय आहे. सोंगणे, वेचणे, उपटणे हे शब्द बोलणारे लोक आपल्या वर्गांत आज बसलेले आहेत. यंत्राने काढलेल्या पिकाला सरसकट ‘हार्वेस्टिंग’ म्हणण्याचा प्रघात शेतातही पडू लागला आहे. एका क्रियापदाने तिघांची जागा घेतली म्हणजे तीन शब्दांबरोबर त्यांच्यातील भेद पाहण्याची सवयही जाते, आणि ती गेल्यावर कोणत्याच भाषेतील छटा शिकविण्यासाठी आधार उरणार नाही. हे संकलन म्हणूनच लांबणीवर टाकण्याजोगे नाही.